डोक्यावरचा गुरू आणि दुर्बिणीचे नाभ्यंतर

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांच्या कानांवर येतात ती बहुधा दोनच कारणांनी. एक येथील संत्री आणि दुसरे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यामध्ये होणारी गोटमार. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्ह्यातील हा मराठीभाषक पट्टा मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. हे सर्व वाचकांस ठाऊक असेल. परंतु या भूमीचे आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते कोणत्याही सरकारी पत्रकात नमूद नाही. ही दोन्ही गावे उत्तर अक्षांशाच्या साडेएकवीस अंशांच्या किंचित वर वसलेली आहेत. मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य येथे माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो व शाळेच्या ध्वजस्तंभाची सावली त्याच्या पायाशीच नाहीशी होते. जे सूर्याचे तेच ग्रहांचे. ७ डिसेंबर २०२४ आणि १० जानेवारी २०२६ या गुरूच्या दोन्ही प्रतियुतींच्या वेळी त्याची क्रांती उत्तरेकडे सुमारे २२ अंश होती. म्हणजे मध्यरात्रीच्या सुमारास तो पांढुर्ण्याच्या खमध्यापासून अंशभराच्या आत होता.

यात विशेष ते काय, असे कोणी विचारील. विशेष आहे ते हवेचे. ग्रह क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून तिरपा येतो. डोक्यावर असला की सर्वांत पातळ थरातून सरळ उतरतो. २०१९ च्या जूनमध्ये गुरू दक्षिणेकडे झुकलेला होता, तेव्हा तो लंडनच्या आकाशात क्षितिजापासून जेमतेम १६ अंश वर येत होता आणि तेथील निरीक्षकाला खमध्याच्या मानाने साडेतीन पट हवेतून पाहावे लागत होते. त्याच रात्री आमच्याकडे तो ४६ अंशांवर होता. ग्रहांच्या छायाचित्रणात जगभर नाव मिळवलेले इंग्रज हौशी निरीक्षक डेमियन पीच हे दुर्बीण घेऊन बार्बाडोस बेटापर्यंत जात असत, ते याच कारणासाठी. फिलिपिन्समधील सेबू येथील क्रिस्टोफर गो यांना तसे कोठे जावे लागले नाही. घराच्या परिसरातूनच त्यांनी २००६ साली गुरूवरील एक पांढरे वादळ तांबडे झाल्याचे प्रथम टिपले. परमेश्वराने सेबूला जे दिले आहे त्यातला बराच वाटा सौंसरलाही दिला आहे, असे आम्ही म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

हे सांगण्याचे निमित्त असे की गेल्या काही वर्षांत आमच्या भागातील मुलांमध्ये ग्रहांची छायाचित्रे घेण्याची हौस उत्पन्न झाली आहे, आणि त्या हौशीच्या वाटेत एक गैरसमज दगडासारखा पडलेला आहे. तो म्हणजे, चित्र जितके मोठे तितके चांगले.

प्रथम मूळ गोष्ट पाहू. दुर्बिणीच्या आरशापासून अथवा वस्तुभिंगापासून जेवढ्या अंतरावर प्रतिमा उमटते त्याला नाभ्यंतर म्हणतात. आमची मुले हिंदी माध्यमात त्याला ‘फोकस दूरी’ म्हणून शिकतात, पुढे महाविद्यालयात आणखी तिसरे नाव ऐकतात आणि घरी आईवडिलांना सांगताना तिन्ही विसरतात. आम्हांस मात्र ‘नाभी’ हा शब्द फार आवडतो. बैलगाडीच्या चाकाचे सर्व आरे जेथे मिळतात ती नाभी; दुर्बिणीत सर्व किरण जेथे मिळतात तीही नाभी. गाडीचे चाक पाहिलेल्या मुलाला याहून अधिक समजावून सांगावे लागत नाही.

प्रतिमेचा आकार या अंतरावरच ठरतो, आरशाच्या व्यासावर नाही. ग्रहाचा आकाशातील आकार आपल्या पंचांगातील परिचित मापाने, विकलांत, घ्यावा. त्याला नाभ्यंतराने गुणावे आणि २,०६,२६५ ने भागावे. प्रतिमेचा व्यास मिळतो. जानेवारी २०२६ मधील गुरू साडेसेहेचाळीस विकलांचा होता. हौशी मंडळींत प्रचलित असलेल्या सहा इंची, म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या आणि १२०० मिलिमीटर नाभ्यंतराच्या दुर्बिणीत त्याची प्रतिमा निघते ०.२७ मिलिमीटरची, राजगिऱ्याच्या दाण्याच्या चौथ्या हिश्श्याएवढी! त्याच दुर्बिणीत चंद्र साडेदहा मिलिमीटरांहून मोठा उमटतो. म्हणूनच चंद्राचे छायाचित्र पहिल्या दिवशी साधते आणि ग्रहाचे छायाचित्र पहिल्या दिवशी निराशा करते. नाभ्यंतर वाढवण्याचा खटाटोप येथून सुरू होतो.

ते वाढवण्याची सर्वांत सोपी युक्ती जवळजवळ दोनशे वर्षे जुनी आहे. इंग्लंडमधील वूलिच येथील लष्करी विद्यालयात गणित शिकवणाऱ्या पीटर बार्लो यांनी १८३० च्या दशकात सुचवले की नाभीकडे निमुळत्या होत जाणाऱ्या किरणांच्या वाटेत एक अंतर्गोल भिंग ठेवावे. किरण लगेच एकत्र न येता थोडे लांब जाऊन एकत्र येतात आणि आखूड नळीची दुर्बीण लांब नळीच्या दुर्बिणीसारखी वागू लागते. हेच बार्लो भिंग. दुकानात ते ‘दोन पट’, ‘तीन पट’, ‘पाच पट’ अशा नावांनी मिळते. पण ही पट भिंगावर कोरून ठेवलेली नसते, ती कॅमेऱ्याच्या अंतरावर अवलंबून असते, ही गोष्ट विकणारे सहसा सांगत नाहीत. भिंगापासून कॅमेऱ्याच्या पटलापर्यंतचे अंतर भिंगाच्या स्वतःच्या नाभ्यंतराने भागावे आणि त्यात एक मिळवावा. भिंग १०० मिलिमीटरचे आणि अंतरही १०० असेल तर दोन पट. मध्ये ३० मिलिमीटरची रिकामी नळी घातली की २.३ पट; ५० ची घातली की अडीच पट. अशी रिकामी नळी अगदी स्वल्प किमतीत येते, आणि गावातील एखादा लेथवरचा कारागीरही ती सहज करून देतो. तेव्हा दोन पटीचे एक चांगले भिंग आणि दोनतीन नळ्या एवढ्यावर सर्व काम भागते. दुसरी एक रीत आहे, नेत्रिकेतून प्रतिमा मागच्या पटलावर पाडण्याची. फिल्मच्या काळात ती फार रूढ होती. फिल्मचे रुपेरी कण जाड असल्यामुळे ग्रहाची प्रतिमा खूप मोठी करणे तेव्हा भागच होते आणि उजेड इतका कमी होई की प्रकाशन एकदोन सेकंद चाले. तेवढ्या वेळात हवा शंभर वेळा हलून घेई. त्या काळच्या मोठमोठ्या वेधशाळांच्या चित्रांतही ग्रह धुरकट दिसतात, याचे बरेचसे कारण यात आहे.

आता त्या दगडाकडे वळू. सौंसरकडील एक संत्रा बागायतदार, आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वडील, दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीचा रंगीत खोका काखेत घेऊन आमच्याकडे आले. आंबिया बहराचे पैसे हाती आले तेव्हा मुलीच्या हट्टापायी त्यांनी ती मागवली होती. आरसा ७६ मिलिमीटरचा, नाभ्यंतर ७००, सोबत ४ मिलिमीटरची नेत्रिका आणि तीन पटीचे बार्लो. खोक्यावर ठळक अक्षरांत ५२५ पट! हिशेब खोटा नव्हता. सातशेला चाराने भागून तिनाने गुणले की तेवढेच येतात. “गुरुजी,” ते म्हणाले, “डब्ब्यावर त पाचशे पंचवीस लिहून आहे, दिसते मात्र कणकीचा गोळा!” मुलीने आठ दिवस तो गोळा पाहिला आणि दुर्बीण माळ्यावर गेली होती.

कणकीचा गोळा का दिसतो, हे समजून घेतले पाहिजे. दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा करू शकते हे तिच्या आरशाच्या व्यासावर ठरते, आणि त्याला निसर्गानेच मर्यादा घातली आहे. ११६ या संख्येला व्यासाच्या मिलिमीटरांनी भागावे. जो भागाकार येईल तेवढ्या विकलांपेक्षा लहान तपशील त्या दुर्बिणीला दिसत नाही. ७६ मिलिमीटरला दीड विकला, १५० ला पाऊण विकलेहून किंचित अधिक. जो तपशील आरशाने आणलाच नाही तो भिंगाने कोठून यावा? डोळ्यांनी पाहताना व्यासाच्या मिलिमीटरांच्या दुप्पट, म्हणजे ७६ ला सुमारे दीडशे पट, ही व्यवहाराची मर्यादा समजावी. आम्ही त्या गृहस्थांना तीन पटीचे भिंग काढून मोठी नेत्रिका लावायला सांगितले. त्या रात्री मुलीने शनीचे कडे पाहिले. अशा किती दुर्बिणी किती माळ्यांवर धूळ खात पडल्या असतील, कोण जाणे! पैसा जातो तो जातोच, पण त्यासोबत एका मुलाची जिज्ञासा जाते, ती अधिक मोलाची.

छायाचित्रणातही हाच नियम, फक्त डोळ्याच्या जागी कॅमेऱ्याचे पिक्सेल येतात. पटलावरील हे प्रकाशवेचे बारीक चौकोन काही मायक्रॉनांचे असतात. आरशाने आणलेला सर्वांत बारीक तपशील दोनतीन पिक्सेलांवर पसरला तर तो पकडला जातो. एकाच पिक्सेलवर पडला तर हरवतो. दहांवर पसरला तर उजेड फुकट जातो. अनुभवी मंडळींचा ठोकताळा असा, की नाभ्यंतर आणि व्यास यांचे गुणोत्तर पिक्सेलच्या मायक्रॉनांच्या पाचपट असावे. हवा अस्वस्थ असेल तर तिपटीवर समाधान मानावे. पिक्सेल ३.७५ मायक्रॉनचा असेल तर गुणोत्तर सुमारे १९. आपल्या १५० मिलिमीटरच्या दुर्बिणीला त्यामुळे २८०० मिलिमीटर नाभ्यंतर हवे, म्हणजे मूळच्या १२०० ची सव्वादोन पटींहून थोडी अधिक वाढ. वर सांगितलेली दोन पटीचे भिंग आणि ३० मिलिमीटरची नळी ही जोडी बरोबर येथेच येऊन थांबते.

आणि कोणी हट्टाने पाच पटीचे भिंग लावलेच, तर? नाभ्यंतर ६००० होईल आणि गुरूची प्रतिमा १.३६ मिलिमीटरची होईल, हे खरे. पण तोच उजेड पंचवीसपट क्षेत्रावर पसरून प्रत्येक पिक्सेलच्या वाट्याला मूळच्या पंचविसावा हिस्सा येईल. लोणी तेवढेच आणि भाकरी पंचवीसपट, तर चव कशाची लागणार? शिवाय पृथ्वी फिरते आहे. पंधरा विकला प्रति सेकंद या वेगाने ग्रह सरकतो. १२८० पिक्सेल रुंदीच्या पटलावर २४०० मिलिमीटर नाभ्यंतराने तो एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सुमारे २७ सेकंदांत जातो; ६००० ला अकरा सेकंदांत. आपोआप फिरणारी बैठक नसलेल्या मुलाला ग्रह सापडेपर्यंतच तो निघून गेलेला असतो.

मग आजचे हौशी निरीक्षक एवढी स्पष्ट चित्रे काढतात तरी कशी? त्यांनी एकच छायाचित्र घेण्याचा नाद सोडला आहे. ते चलच्चित्र घेतात, सेकंदाला साठ किंवा अधिक चौकटी, प्रत्येक चौकट सुमारे शंभरांश सेकंदाची. दोन मिनिटांत सात हजारांवर चौकटी जमतात. हवा क्षणभर निश्चल होते त्या क्षणीच्या चौकटी संगणक निवडतो आणि एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढतो. चौकटींतील दाणेदारपणा जातो, तपशील उरतो. यासाठी लागणाऱ्या आज्ञावलींपैकी ऑटोस्टॅकर्टसारख्या उत्तम आज्ञावली विनामूल्य मिळतात. वेळेचे बंधन मात्र गुरू स्वतःच घालतो. तो दहा तासांहून कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, म्हणून सहा इंची दुर्बिणीने तीन मिनिटांपलीकडे चित्रण केले की त्याचे पट्टे फिरून पुसट होऊ लागतात.

या रीतीचे एक उदाहरण मराठी वाचकांना अभिमान वाटेल असे आहे. मे २०२१ मध्ये पुण्याच्या प्रथमेश जाजू या सोळा वर्षांच्या मुलाने घेतलेले चंद्राचे रंगीत चित्र देशभर गाजले. पाच इंची कॅसेग्रेन दुर्बीण, दोन पटीचे बार्लो, पन्नास हजारांहून अधिक चौकटी आणि १८६ गिगाबाइटांची सामग्री अशी त्यामागची शिदोरी होती. दुर्बीण पाच इंची आणि बार्लो दोन पटीचे, हे आमच्या मुलांनी मुद्दाम लक्षात घ्यावे. बाकीचे काम चिकाटीने केले. अर्थात असे मूल पुण्यात निपजावे याला काही परंपराही लागते. भावनगरच्या महाराजांच्या साहाय्याने प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये पुण्यास उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत वीस इंच व्यासाची दुर्बीण होती. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची छायाचित्रे त्यांनी सोलापूरकडील जेऊर येथे तळ ठोकून घेतली. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला गेली. त्यानंतर १९४४ साली त्याच शहरात हौशी मंडळींनी ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन केली आणि ती आजतागायत चालू आहे. आयुका संस्थेने तर मुलांकडून हाताने आरसे घासून दुर्बिणी करवून घेतल्या. आमच्याकडे यांपैकी काही नाही. नागपूरचे रमण विज्ञान केंद्र पांढुर्ण्याहून सुमारे शंभर किलोमीटर, तेच काय ते जवळचे.

हौशी माणसाच्या हातून शास्त्राला उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर १९ जुलै २००९ च्या रात्री मिळाले. ऑस्ट्रेलियातील अँथनी वेस्ली यांना आपल्या साडेचौदा इंची दुर्बिणीतून गुरूच्या दक्षिण ध्रुवाजवळ एक काळा डाग दिसला. काही तरी गुरूवर आदळले होते. व्यावसायिक वेधशाळांनी आणि पुढे हबल दुर्बिणीने त्याकडे डोळे वळवले ते त्यांच्या वर्दीनंतर. डोक्यावर गुरू असलेल्या गावातील मुलांना ही हकीकत आम्ही दर वर्षी सांगतो.

ज्यांच्याजवळ वेगळा कॅमेरा नाही त्यांनी खिन्न होण्याचे कारण नाही. मोबाइल घरोघर आहे. नेत्रिकेमागे मोबाइल पक्का बसवला की एकूण नाभ्यंतर होते दुर्बिणीची पट गुणिले मोबाइलच्या भिंगाचे प्रत्यक्ष नाभ्यंतर, आणि हे शेवटचे असते चारपाच मिलिमीटर. १२०० च्या दुर्बिणीला १० मिलिमीटरची नेत्रिका लावली की पट १२०. चाराने गुणले की फक्त ४८० मिलिमीटर. म्हणजे मोबाइल नाभ्यंतर वाढवत नाही, उलट घटवतो! तरी चित्र बरे येते, कारण त्याचे पिक्सेल एकदीड मायक्रॉनचे, फार बारीक. येथे मात्र दोन पटीचे बार्लो लावणे खरोखर लाभाचे ठरते. उजेड आपोआप न ठेवता हाताने कमी करावा, नाहीतर गुरू पांढरा दिवा होऊन बसतो. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नये. हे वाक्य प्रत्येक पालकाने मुलाकडून पाठ करून घ्यावे.

आता जागेविषयी, कारण येथे आमच्या पंचक्रोशीचे भाग्य आमचे आम्हीच दवडतो. दुर्बीण आली की ती घराच्या गच्चीवर न्यायची, ही सार्वत्रिक पद्धत. दिवसभर तापलेली सिमेंटची गच्ची मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते आणि ती वर जाणारी हवा दुर्बिणीच्या तोंडासमोरच नाचते. ग्रह डोक्यावर असून उपयोग काय, तव्यावरून पाहिल्यासारखे होते. याउलट ओलिताच्या संत्राबागेतील गवताळ बांध सूर्यास्तानंतर लवकर थंडावतो. आम्ही एकाच रात्री, एकाच दुर्बिणीने, दोन्ही ठिकाणांहून चित्रण करून पाहिले. बागेतील चित्रात गुरूवरील पट्ट्यांच्या कडा उमटल्या, गच्चीवरील चित्रात दोन करड्या रेघा. दुर्बीण तासभर आधी उघड्यावर ठेवावी, आरसे एका रेषेत आहेत की नाहीत ते एखाद्या ताऱ्यावर तपासावे. हिवाळ्यात उत्तर भारतावरून उंच आकाशात वेगवान पश्चिमी वारे वाहतात; त्या रात्री तारे जोराने लुकलुकतात. तेव्हा नळी काढून ठेवावी आणि कमी नाभ्यंतरावर काम करावे. डोक्यावरच्या ग्रहाची एक अडचणही आहे. उभीआडवी फिरणारी साधी बैठक खमध्याजवळ अडते, दुर्बीण धड वळत नाही. यास्तव गुरू खमध्याच्या घटकाभर आधी अथवा नंतर धरावा. हवेच्या दृष्टीने त्यात नुकसान काहीच नाही.

ग्रहाग्रहांतही भेद आहे. सूर्याचा प्रकाश पृथ्वीच्या मानाने गुरूवर सत्ताविसावा हिस्सा पडतो, शनीवर नव्वदावा. म्हणून शनीला नाभ्यंतर वाढवताना हात आखडता घ्यावा. मंगळाला निम्म्याहून थोडा कमी प्रकाश मिळतो, तो भरपूर उजळ. त्याला ठोकताळ्याच्या वरच्या टोकापर्यंत नेता येते. फेब्रुवारी २०२७ मध्ये सिंह राशीच्या परिसरात गुरू १० तारखेच्या सुमारास आणि मंगळ १९ तारखेस, असे दोघे प्रतियुतीत येतात, आणि दोघेही आमच्या खमध्याच्या जवळपास सहासात अंश दक्षिणेने जातात. मंगळ त्या वेळी पावणेचौदा विकलांचाच असेल. २४०० मिलिमीटर नाभ्यंतराने त्याची प्रतिमा ०.१६ मिलिमीटरची, ३.७५ मायक्रॉनच्या पटलावर सुमारे ४३ पिक्सेलांची निघेल. त्या रात्रींसाठी जादा नळी हाताशी ठेवावी, आणि बागायतदाराला आधी विचारून त्या दिवशी बांधाजवळचे ओलीत सायंकाळीच उरकून घ्यावे, म्हणजे पाय चिखलात रुतणार नाहीत.